कणातही पूर्ण

गादीवालीचं आणि काटेवाल्याचं भांडण लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी जुंपलं, ते कधी मिटलंच नाही. ती गाद्या शिवायची, तो दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. दोघंही ख्रिस्ती, पण रविवारच्या वाटा वेगळ्या. तिच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजनाची भाकर म्हणजे प्रभूची आठवण, बस. त्याच्या चर्चमध्ये पातळशी चकती असायची, आणि फादरनी वेदीवर प्रार्थना म्हटली की ती साक्षात ख्रिस्ताचं शरीर.

"एवढीशी चकती, आणि त्यात अख्खा प्रभू?" ती सुईत दोरा ओवताना टोमणा मारायची. "काट्यावर ठेवून बघितलीत का कधी?"

"काट्यावर वजन कळतं गं. कोण आलंय ते नाही कळत," तो म्हणायचा. "दोन तुकडे कर, नाहीतर चुरा कर. कणातसुद्धा तो पूर्ण असतो."

"मग कणच आणा घरी. माझा स्वयंपाक वाचेल."

तो गालात हसायचा. ती आपलं प्रार्थनाघर आटपून त्याच्या चर्चच्या दाराशी येऊन उभी राहायची, पण चकती घ्यायच्या रांगेत कधी गेली नाही. पटत नाही ते तोंडात घालायचं नाही, विषय संपला. तरी दुसऱ्या कुणी त्या चकतीची टिंगल केली की त्याची खैर नसायची. एकदा तिच्या सख्ख्या भावाने केली. त्याला तिने भरल्या ताटावरून उठवलं. नवऱ्याची चेष्टा करायचा मक्ता तिचा एकटीचा.

मग काटेवाल्याला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, घसा अर्धा बधिर. डॉक्टरांनी बजावलं, कोरडं काही नको, नुसतं पाणीही नको, जे द्याल ते दाट करून चमच्याने द्या. तरी बघायला आलेल्या एका पाहुणीने प्रेमाने बिस्किटाचा तुकडा भरवला. तो श्वासात गेला, तोंड निळं पडलं, छातीत कफ धरला. आता डॉक्टर नुसतं "बघू" म्हणत होते.

काटेवाल्याला त्या "बघू"चा अर्थ कळला होता. डाव्या हाताची बोटं ओठांना लावायची आणि खिडकीतून दिसणाऱ्या चर्चकडे बघायचं, एवढाच त्याचा हट्ट चालू झाला. गादीवाली स्वतः जाऊन फादरना घेऊन आली.

मुलगा दारातच आडवा आला. "फादर, माफ करा, पण तोंडात काही घालायचं नाही. मरतील ते."

"आपण नुसती प्रार्थना करू," फादर म्हणाले. तरुण होते, त्यांनाही धोका पत्करायचा नव्हता. "मनातली इच्छा देवाला पोचते."

पलंगावरून काटेवाल्याने मान हलवली. नाही. पुन्हा बोटं ओठांवर.

मुलगा आईकडे वळला. "तूच म्हणायचीस ना, ती नुसती आठवण आहे? मग आठवू दे की त्यांना. आठवायला गिळावं लागत नाही."

"माझ्यासाठी आठवण आहे," गादीवाली म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही. आणि तोंड त्यांचं आहे. हो बाजूला."

तिने उशा रचून त्याला ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवली. फादरनी गळ्यातली छोटी डबी उघडली, आतल्या चकतीचा तुकडा मोडला. "ख्रिस्ताचं शरीर." काटेवाल्याच्या ओठांनी आमेनचा आकार केला. तुकडा जिभेवर गेला.

गळ्याची घाटी वर आली आणि अडकली.

मग खोकला सुटला. मुलाने डोळे मिटून घेतले. गादीवालीने एका हाताने नवऱ्याची पाठ धरली, दुसरा तळवा तोंडाखाली धरला. थुंकीत भिजलेला तुकडा तळव्यात पडला.

एरवी तिने तो फडक्याने पुसून टाकला असता. दिवसभर तेच तर करायची. फडकं खांद्यावर होतंच, हात निघालाही. तेवढ्यात तिने नवऱ्याकडे बघितलं. खोकून डोळ्यांत पाणी होतं, पण त्याला जिवाची भीती नव्हती. तो तिच्या तळव्याकडे बघत होता. पुलावरून मूल पडताना बघावं तसा.

तिने फडकं खाली टाकलं. तळवा खोलगट केला, हलवला नाही.

"पडणार नाही," ती त्याला म्हणाली. "मी धरलंय."

फादरनी भांड्यात पाणी घेतलं, तो तुकडा अलगद त्यात सोडला, विरघळायला. मग तिच्या तळव्यावर थेंब थेंब पाणी ओतून तेही त्याच भांड्यात धरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत काटेवाल्याची नजर हलली नाही.

"आई, बस झालं आता," मुलगा म्हणाला. तो रडत होता.

फादर डबी मिटायला लागले.

"थांबा," गादीवाली म्हणाली. "फादर, कणातसुद्धा तो पूर्ण असतो ना?"

"हो."

"कमी नाही?"

"अजिबात नाही."

"मग तुकडा कशाला देता? कण द्या. सुईच्या नाकाएवढा. जिभेवरच विरेल, गिळावा लागणार नाही."

फादरनी डबी पुन्हा उघडली. मग नखाने चकतीच्या कडेचा एक कण काढला, दिसेल न दिसेल असा. गादीवालीने पुन्हा हनुवटी झुकवली आणि एक बोट नवऱ्याच्या घाटीवर ठेवलं.

"ख्रिस्ताचं शरीर."

कुणी हललं नाही. मुलाने पलंगाची कड घट्ट धरली होती. बोटाखालची घाटी थरथरली, थांबली. बऱ्याच वेळाने एकदा वर गेली आणि सावकाश खाली आली.

खोकला आला नाही.

गादीवालीने रोजच्या जेवणानंतर बघायची तसं बॅटरी लावून त्याच्या तोंडात बघितलं. जिभेवर काही नव्हतं, गालातही नव्हतं. छातीतली घरघर मात्र होती तशीच होती.

काटेवाल्याने डावा हात उचलला आणि तिचा ओला तळवा आपल्या गालाशी ओढून घेतला.

"पुरे," ती म्हणाली. "अजून नाही पटलेलं मला. बरे व्हा, मग भांडू."

पण हात तिने काढून घेतला नाही. तळवा वाळला, तो झोपला, तरी नाही.