शुक्रवारी घेतलेलं माप

आमच्या हॉस्पिटलात एमआरआय घ्यायचं नक्की झालं आणि मी वेडी झाले. हा शब्द माझा नाही, आईचा आहे. मुंबईतली रेडिओलॉजिस्टची बरी नोकरी सोडून मी भिवंडीला, माझ्या गावी परत आले, तेव्हा इथे मला एक एक्स-रे, एक म्हातारं सोनोग्राफी मशीन आणि एकाच बाजूला फिरणारी खुर्ची मिळाली होती. आता अख्खा रेडिओलॉजी विभाग नव्याने उभा करायचा होता: सीटी, एमआरआय, कपडे बदलायच्या खोल्या, मला रिपोर्ट लिहायला स्वतंत्र खोली. स्ट्रेचर वळायला पॅसेज किती रुंद हवा यावर मी जेवताना बोलायचे आणि आई निमूटपणे आमटीची वाटी पुढे सरकवायची.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं. ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दादा मूळचे जवळच्या मानकोलीचे. त्यांच्या भाताच्या शेतांवर आता गोडाऊनं उभी आहेत, त्यामुळे फरशी, छप्पर, ट्रक वळायची जागा यातलं त्यांना सगळं कळतं. कागदावरचा नकाशा मात्र त्यांना नकोसा. आर्किटेक्टने टेबलावर कागद पसरला की दादा थोडा वेळ आदराने बघायचे आणि मग सगळ्यांना चहा सांगायचे. असे बरेच चहा झाल्यावर तोडही त्यांनीच काढली. त्यांचं एक गोडाऊन नुकतंच रिकामं झालं होतं. त्याच्या फरशीवर आपला विभाग खऱ्या मापात आखायचा, चुन्याच्या फक्कीने, कबड्डीचं मैदान आखतात तसा.

तो दिवस आठवला की मला अजून हसू फुटतं. गावात कबड्डीचं मैदान आखणारे गृहस्थ फक्कीचं घमेलं घेऊन आले आणि आर्किटेक्ट सांगेल तशा पांढऱ्या रेघा ओढत गेले. रेघ म्हणजे भिंत, रेघेतली फट म्हणजे दार. हॉस्पिटलातून स्ट्रेचर आणलं होतं. पेशंट कोण होणार, असा प्रश्न आला तेव्हा दादांची बायको, आमच्या काकी, साडी सावरून स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. मग आम्ही त्यांना नसलेल्या दारातून नसलेल्या खोल्यांत ढकलत हिंडलो. चाकाने रेघ पुसली की फक्कीवाले हात वर करून आऊट द्यायचे. सीटीच्या दारात आम्ही इतक्यांदा आऊट झालो की आर्किटेक्टने हात जोडून दार रुंद केलं.

काकी पडल्यापडल्या हुकूम सोडत होत्या. बायकांनी आत जाताना दागिने काढायचे, ते ठेवायचे कुठे? मी म्हटलं, कपाट आहे, किल्ली आहे. किल्ली कुणाकडे? पेशंटकडे, असं मी म्हणाले आणि जीभ चावली, कारण एमआरआयच्या खोलीत, त्या चुंबकाजवळ, लोखंडाची किल्ली न्यायचीच नसते. काकींनी विजयी मुद्रेने मान हलवली. बाई आत असताना तिच्या घरचं माणूस किल्ली घेऊन कपाटासमोर बसेल अशी एक खुर्ची तिथल्या तिथे फक्कीने आखली गेली.

पण काकी हौसेने स्ट्रेचरवर पडल्या होत्या असं नाही. त्यांच्या पाठीच्या कण्यातली गाठ ऑपरेशन करून काढली होती. ती परत उगवत नाही ना, हे ठराविक काळाने एमआरआय करून बघावं लागणार होतं. त्यासाठी ठाण्याला जायचं, गाडीच्या मागच्या सीटवर आडवं पडून, प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत. एका खेपेनंतर काकींनी जाहीर करून टाकलं, "मी त्या रस्त्यानं आता काय जात न्हाय. गाठ आली तं येव दे." पुढची तपासणी टळली, त्याच्या पुढचीही टळत आली. दादांनी विनवण्या केल्या, मी रागावले, सर्जनने फोन केला. काकी हलल्या नाहीत. मग दादांनी ठरवलं की बायको मशीनकडे जात नसेल तर मशीन बायकोकडे आणायचं. ट्रस्टच्या कागदांत कारणं भारदस्त लिहिली आहेत, पण खरं कारण हे.

आता आमची घोडचूक. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. त्या दिवशी एकमेकांचं बोलणं धड ऐकू येतं, म्हणून मीटिंगा, लग्नाची बोलणी, भावाभावांची भांडणं सगळं आम्ही शुक्रवारी उरकतो. दादांनी मशीनच्या कंपनीच्या इंजिनिअरलाही सवयीने शुक्रवारच दिला. तो बंगळूरचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. जिथे एमआरआय बसणार त्या तळमजल्यावर त्याने जमिनीची थरथर मोजायचं यंत्र ठेवलं आणि गावाच्या मधोमध इतकी शांत जागा मिळाल्याबद्दल आमचं कौतुक केलं. आम्ही फुगलो. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून लूमची अख्खी गल्ली आहे, हे त्याला सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही त्या खडखडाटातच बोलायला शिकलेली माणसं. आमच्या लेखी तो आवाज नसतोच.

पुढे तो इंजिनिअर भिंतींची मापं घ्यायला सोमवारी आला. चहाचा ग्लास त्याने जमिनीवर ठेवला आणि तो त्याच्याकडे बघतच राहिला. ग्लासात बारीक बारीक वर्तुळं उठत होती. त्याने विचारलं, "ये क्या है?" दादा म्हणाले, "चाय है."

यंत्र पुन्हा लावलं आणि जागा नापास झाली. एमआरआयला फोटो घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ पेशंटने हलायचं नसतं, मग खालच्या जमिनीने हलून कसं चालेल? जागा पास झाल्याशिवाय कंपनी मशीन पाठवणार नव्हती. आमच्या खजिनदारांनी सुचवलं की एमआरआय फक्त शुक्रवारी करावा. दादांनी त्यावर खरोखरच विचार केला. मी जिन्यात जाऊन पोट धरून हसले आणि हसता हसता रडायला लागले.

उपाय इंजिनिअरनेच सांगितला. मशीनखालची जमीन उरलेल्या इमारतीपासून तोडायची, खोल खड्डा घेऊन त्यात वेगळा काँक्रीटचा ठोकळा ओतायचा आणि खाली, चारी बाजूंना थरथर पिणारं रबर घालायचं. दादा एकदम खुलले. हे त्यांच्या विषयातलं काम. खड्डा खणताना ते रोज काठावर उभे असत आणि घरी जाऊन काकींना त्याची खोली सांगत. काकी म्हणत, एवढ्यात विहीर झाली असती.

पुन्हा मोजायचा दिवस मी हट्टाने मंगळवार घेतला. त्या सकाळी हॉस्पिटलात शिरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. मागची गल्ली गप्प होती. इंजिनिअर यंत्राच्या वायरी जोडत होता आणि दादा खिडकीजवळ उभे राहून बाहेर काही नसताना बाहेर बघत होते. मी त्यांना पॅसेजमध्ये नेलं. त्यांनी लपवलं नाही. मागच्या गल्लीतल्या एका लूमवाल्या चाचांना त्यांनी सकाळपुरती गल्ली बंद ठेवायची विनंती केली होती आणि चाचांनी सगळ्या शेजाऱ्यांना राजी केलं होतं.

"बाय, एकदा पास होव दे," दादा म्हणाले. "मशीन आलं की मंग बघू."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर मोहही झाला. ठोकळा नापास झाला असता तर एमआरआय संपला होता आणि माझं गावात राहणंही. गप्प बसले असते तर दुपारपर्यंत काम झालं असतं. मी म्हणाले, "दादा, फोटो हललेला आला तर काकींच्या पाठीत काय आहे ते मला दिसणार नाही. आणि मी त्यांना सगळं ठीक आहे म्हणून सांगेन."

दादा चप्पल घालून मागच्या दाराने निघाले. मी इंजिनिअरला थोडं थांबायला सांगून त्यांच्या मागे धावले. चाचा आपल्या शेडच्या दारात कामगारांबरोबर आरामात बसले होते. लूम चालू करा, असं दादांनी सांगितल्यावर ते गोंधळले.

"आप ही के लिए तो बंद रखा है," ते म्हणाले.

"हां," दादा म्हणाले. "अब मेरे ही लिए चालू करो. पूरी गल्ली."

पहिला लूम चाचांचा चालू झाला, मग समोरचा, मग एकेक करत सगळी गल्ली. मला आत जाऊन आकडे बघायचा धीर होईना. मी आणि दादा शेडच्या दारातच उभे राहिलो. कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं हे बरंच होतं, कारण दादा ओठातल्या ओठात वज्रेश्वरी देवीला कसलातरी नवस बोलत होते. कितीतरी वेळाने इंजिनिअर गल्लीत आला, आम्हाला शोधत. तो ओरडून काय बोलला ते समजलं नाही. पण तो गंभीर माणूस हसत होता. दादांनी त्याला उचललं. चाचांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि चहाचा ग्लास जमिनीवर ठेवायचा नाही, अशी इंजिनिअरला तंबी मिळाली.

मशीन आलं ते क्रेनवरून, मुद्दाम उघड्या ठेवलेल्या भिंतीतून. गल्ली बघायला लोटली होती आणि मी नवरीच्या बापासारखी सगळ्यांना मागे सरकवत होते.

पहिल्या पेशंट अर्थात काकी. दिवस कामाचा होता, लूम जोरात चालू होते. मी काचेपलीकडे बसले. पडद्यावर काकींचे मणके एकाखाली एक उमटले, कडा स्वच्छ, कुठे फिसकटल्या नाहीत. ऑपरेशनची जागा मी सावकाश बघितली. जुन्या फिल्म लावून पुन्हा बघितली. तिथे गाठ नव्हती.

बाहेर येऊन मी दादांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "पुन्ना सांग." मी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात टेक्निशियनचा हात धरून काकी पॅसेजमध्ये आल्या. मी त्यांनाही सांगितलं, काकी, काही नाही, पाठ स्वच्छ आहे. मला वाटलं त्या दादांची थट्टा करतील. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, टेकायला काही दिसलं नाही, तेव्हा भिंतीला धरून त्या सरळ फरशीवर बसल्या. मीही शेजारी बसले.

"रस्त्याचं मी उगाच सांगत व्हते, बाय," त्या म्हणाल्या. "मना कलून घ्याचा नव्हता. तिथं लिफाफा हातात देत आन घरी धाडत. घरी कुणी फोडाचा तो?" माझा हात त्यांनी धरला होता. "इथं तू सांगनार व्हतीस."

दारांची, स्ट्रेचरची, जमिनीच्या थरथरीची सगळी मापं आम्ही घेतली होती. पेशंटला समोर बसवून काय निघालं ते सांगायला मात्र एकही खोली काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून मी माझी रिपोर्टची खोली अर्धी केली.