हिरवा चुडा आणि मॅगव्हील

भोकरदनला बांगड्यांची दुकानं झाली, आमच्या केदारखेड्यातबी दोन झाली, पण मी आजपर्यंत दुकानातली बांगडी हातात घातली न्हाई. आमचे मालक म्हणतेत, तुझे नखरेच लई. असू देत. माझ्या मनगटाला एकच माणूस ठाऊक, टेंभुर्णीचा पुंजाराम कासार. टेंभुर्णी माझं माहेर, म्हणून मी त्याला पुंजामामा म्हणते.

माझं लग्न एक्क्याऐंशी सालचं. चुडा भरायला मामा सायकलवर आल्ता. मागं लाकडी पेटी, पेटीत गव्हाचा भुसा, भुशात बांगड्या. मी भेदरलेली, हात वाळल्या लाकडासारखा ताठ. त्यानं बोटं धरली न् म्हणला, "पोरी, तुझी सासू लई कडक हाये म्हणतेत. तू तिच्याहून कडक राह्य." मी हसले, आन हसेपर्यंत बांगडी मनगटात जाऊन बसली. हीच त्या माणसाची विद्या. बाईला बोलण्यात गुंतवायचं, हात सैल पडला की बांगडी आपसूक चढती. सासू खरंच कडक निघाली, ती गोष्ट येगळी.

पुढं वीस-बावीस वर्षं तो सायकलवरच आमच्या गावाला येत राह्यला. संक्रांत असो, नागपंचमी असो, कुणाचं डोहाळजेवण असो, मामा हजर. बांगडी फुटली असं तोंडातून कधी काढणार न्हाई, 'वाढली' म्हणणार. नवरीच्या चुड्यात एक बांगडी स्वतःकडून जास्तीची घालणार. आन निघायच्या आधी सायकलच्या चाकाचे आरे टिचक्या मारून ऐकणार. बांगडी वाजवून पाह्यतेत ना, चिरलेली असली की बद्द वाजती, तसंच. एखादा आरा ढिला लागला की चावी काढून कसायचा. आम्ही बाया हसायचो, "मामा, सायकललाबी बांगड्या भरता का?" तो म्हणायचा, "हिच्या ठीक तर तुमच्या ठीक."

मंग गुडघे गेले. चढाला सायकल ढकलायचीबी ताकद राह्यली न्हाई, तेव्हा मामानं मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. ही दोन हजार चारची गोष्ट, माझ्या शिवकन्येच्या लग्नाच्या वर्षाची. एकाच गाडीला दोन तऱ्हेची चाकं मिळत होती. एक आपलं आऱ्यांचं. दुसरं मॅगव्हील, म्हणजे ओतीव, सगळं एका तुकड्याचं, काळंभोर आन चकाचक. टेंभुर्णीचा मिस्तरी संपत म्हणला, "मामा, आऱ्यांचं घ्या. आपल्या रस्त्यांवर आरा लवतो, दणका पोटात घेतो. रिंग वाकली तर मी ठोकून सरळ करून देतो. ओतीव चाक वाकत न्हाई. बसला धोंडा, तर तडकतं." मामा म्हणला, "आरे कसून कसून बोटं झिजली माझी. ते ओतीव बघू दे आधी."

बघायची रीत मात्र मामाची. संपतच्या ओळखीतल्या दोन गाड्या आणल्या, एक आऱ्यांची, एक मॅगव्हीलची. दोन्हींवर आळीपाळीनं बांगड्यांची पेटी बांधायची, खडीच्या रस्त्यानं फिरवून आणायची आन उघडून पाह्यचं. इथपर्यंत बराबर होतं. पण पेटीत बांगड्या कोणत्या घातल्या? कॉलेजातल्या पोरी घालतेत त्या, कड्यासारख्या जाड, नक्षीच्या. संपत म्हणला, "अहो, हिरव्या बांधा, पातळ. लग्नाला त्याच न्यायच्या ना?" मामा त्याच्यावर खेकसला, "सौभाग्याचा चुडा खड्ड्यात आपटून पाहू? माझ्या बापानं केलं न्हाई असलं." हिरवी बांगडी जाणूनबुजून वाढू द्यायची, हे कासाराच्या हातून व्हायचं न्हाई. जाड बांगड्यांना काय धाड भरती? दोन्ही गाड्यांवर एकही वाढली न्हाई. दोन्ही चाकं सारखीच, असं म्हणून मामानं दिसायला देखणं ते मॅगव्हील घेतलं. घेताना चाकाला टिचकी मारून पाह्यली म्हणे. "मुकं हाये," एवढंच म्हणला.

आता माझं ऐका. शिवकन्येची पहिली सोयरीक साखरपुडा होऊन मोडली होती. पोरीचा दोष बिलकुल नव्हता, त्या लोकांनाच दुसरीकडं वजनदार घर सापडलं. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? मी हापशावर गेले की बाया गप व्हायच्या. दोन वर्षं असं काढल्यावर परतूरचं चांगलं स्थळ जुळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा, आन चुडा भरल्याबिगर हळद न्हाई. नवरदेवाच्या आत्या-मावश्या उष्टी हळद घेऊन दुपारी येणार होत्या. त्यांच्यासमोर पेटीतून तुकडे निघाले असते तर संपलंच. लगेच पोरीचा पायगुण निघाला असता.

माझ्या सासूबाई, गोजरबाई, म्हणल्या, "भोकरदनच्या दुकानातून आण चुडा. तो म्हातारा नव्या गाडीवर येणार, त्याचा काय भरवसा?" मी म्हणले, "माझा चुडा त्याच्या हातचा, माझ्या लेकीचाबी त्याच्याच हातचा." बोलले खरं, पण आतून जीव टांगणीला लागला होता.

मामा सकाळी यायचा होता. सकाळ गेली, जेवणं झाली. शिवकन्या पाटावर मोकळ्या हातानं बसून राह्यली होती, आन तेवढ्यात परतूरच्या पाव्हण्यांची जीप दारात. त्यांना चहापाण्याला बसवलं. मी मागच्या दारानं जाऊन मालकांना म्हणले, "गाडी काढा, जल्दी भोकरदन गाठा." त्यांनी किक मारली, तर वेशीकडून मामा येताना दिसला. पायी.

लंगडत येत होता. सदरा कोपरापाशी फाटलेला, कोपरातून रक्त. छातीशी उपरण्यात बांधलेलं गाठोडं दोन्ही हातांनी धरलं होतं, बाई तान्हं लेकरू धरती तसं. मी पळत गेले.

"मामा, गाडी?"

"पुलाजवळ पडली. पुढचं चाक तडकलं."

"आन बांगड्या?"

मामानं गाठोडं आणखी घट्ट धरलं. "आधी आत चल," म्हणला.

मागच्या दारानंच त्याला कोठीत नेलं, दार लोटलं. तो पोत्यावर बसला आन गाठ सोडायला लागला. गाठ सुटता सुटेना. एवढ्या बायांना बांगड्या भरणारी बोटं, मी ती कधी अशी अडखळताना पाह्यली नव्हती. गाठ सोडता सोडता त्यानं सांगितलं. टेंभुर्णी सोडून खडी लागली, तसा पेटीतून कट्ट असा आवाज आला. त्याचा कान, त्याला लगेच कळलं. थांबून पेटी उघडली, तर वरच्या थरातल्या पातळ रंगीत बांगड्या वाढलेल्या. हिरव्या तळाला होत्या, त्या तेव्हा शाबूत होत्या. मंग त्यानं हिरव्या तेवढ्या काढल्या, उपरण्यात गुंडाळून छातीशी बांधल्या आन गाडी हळूहळू हाकली.

"चाक लवत न्हाई ना, मंग म्हणलं, मीच लवतो," मामा म्हणला. "खड्डा आला की पायांवर उभा राह्यलो."

त्या गुडघ्यांवर हा माणूस खड्ड्या-खड्ड्याला उभा राह्यला. आमच्या पुलाच्या अलीकडं एक धोंडा चुकवता आला न्हाई. चाक तडकलं, हवा गेली, गाडी घसरली. मामा पाठीवर पडला.

"हँडल सोडलं मी," तो म्हणला. "हे सोडलं न्हाई."

"पडल्यावर उघडून पाह्यलं का?"

"धीर झाला न्हाई, उषे."

शेवटी गाठ मीच सोडली. मामानं पहिली बांगडी उचलली, नखानं टिचकी मारली. किण. दुसरी उचलली. किण. बाहेर पाव्हण्या बाया हसत-बोलत होत्या आन आम्ही दोघं कोठीत श्वास धरून एकेक बांगडी ऐकत होतो. मला तर मधेच कानावर हात ठेवावे वाटले. पण एकही बद्द वाजली न्हाई. सगळ्या शाबूत, एकीला ओरखडा न्हाई. माझा जीव भांड्यात पडला. तिथंच ज्वारीच्या पोत्याला टेकून मी रडले, आन रडता रडता मामाला बोल बोल बोलले, की ह्या वयात असले उद्योग करतेत का, तुम्हाला काय झालं असतं तर? तो म्हणला, "बोल, बोल. मला आता सगळं गोड लागतंय."

हात-तोंड धुऊन, मालकांचा सदरा घालून मामा पाटासमोर बसला. पाव्हण्या सभोवताली. शिवकन्येचा हात तिच्या आईसारखाच, लाकूड. मामानं बोटं धरली आन विचारलं, "पोरी, नवरदेव लई घोरतो म्हणतेत. खरं का?" पोरीआधी नवरदेवाची आत्याच हसली. "घोरतो हो, भिंती हालतेत," म्हणली. शिवकन्या पदरात तोंड घालून हसत सुटली, आन हिरव्या बांगड्या एकामागं एक चढत गेल्या. शेवटी मामानं स्वतःकडची जास्तीची घातली. पोरगी पाया पडली तेव्हा त्याला वाकून उठवता येईना. तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच बसून राह्यला.

सासूबाई सगळं पाहत होत्या. उठल्या, वाटीत हळद कालवून आणली आन मामाच्या कोपराला स्वतः थापली. परतूरची आत्या म्हणली, "अगं बया, नवरीआधी कासारालाच हळद लागली. आता ह्यांनाबी एक नवरी पाहा." सगळा मांडव हसला. चाकाचा, पडण्याचा, शकुन-अपशकुनाचा कुणी विषयसुद्धा काढला न्हाई. त्या रात्री मी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

लग्न झाल्यावर संपतनं मामाच्या गाडीला दोन्ही चाकं आऱ्यांची बसवली. दिवाळीला शिवकन्या माहेरी आली, चुडा तसाच भरगच्च. मामा आला, गाडी लावली, आन सवयीनं वाकून आऱ्यांना टिचक्या मारायला लागला. शिवकन्या माझीच लेक, गप कशी बसेल? म्हणली, "मामा, ह्या चाकांवर तरी हिरव्या बांधून पाह्यल्या का खडीच्या रस्त्यानं?"

मामानं मान वर केली न्हाई. आरा कसता कसता म्हणला, "तुझ्या आईचा चुडा कशावर आल्ता, पोरी? पाह्यलंय ते."