कुटुंबप्रमुख हजर नाहीत

टेबलावर रेशनकार्ड ठेवलं की ती त्यावर तळहात दाबून धरायची. मी घ्यायला हात पुढे केला तरी सोडायची नाही. आधी म्हणायची, "तीन नावं हायेत बाबू. तिन्ही राहू देजा." मग हात काढायची, आणि माझ्या दुपारचं वाटोळं व्हायचं.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत पुरवठ्याचा कारकून होतो. कार्डात नाव घालायचं आणि कार्डातून नाव कमी करायचं, एवढंच माझं काम. तुमच्यापैकी जे कोणी अशा खिडकीसमोर उभे राहिले असतील त्यांनी आतल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. त्या बहुधा रास्तच होत्या.

तिच्या कार्डातली तीन नावं म्हणजे ती, तिचा मुलगा आणि तिचा मोठा भाऊ. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती. वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. वडील गेले तेव्हा त्यांचं नाव कमी झालं आणि घरातला मोठा पुरुष म्हणून भावाचं नाव वर चढलं. कुटुंबप्रमुख तो. त्याची सही हवी होती म्हणून मी पहिल्यांदा विचारलं, कुटुंबप्रमुख कुठे आहेत? ती म्हणाली, "लढाईवर."

मला वाटलं, फौजेत असेल, सुट्टीवर आला की सही करेल. कोणत्या सीमेवर आहेत म्हणून विचारलं तर म्हणाली, बरम्याच्या. दुसऱ्या महायुद्धातली ती लढाई संपली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

आता हे नाव इतकी वर्षं कार्डात राहिलं कसं, असं तुम्ही विचाराल. ते आमच्या खात्याचं कर्तृत्व. काही वर्षांनी कार्डं बदलतात, तेव्हा जुन्यावरची नावं नव्यावर उतरवून काढतात. माझ्या आधीच्या कारकुनांनी बाकीच्यांची वयं विचारून बदलली, पण भावाच्या नावाबरोबर वयही जसंच्या तसं उतरवलं होतं. बहीण साठीची, भाचा पस्तिशीचा आणि कुटुंबप्रमुख एकोणीस वर्षांचे. पन्नास वर्षं कोणाच्या डोळ्यांना ते खुपलं नाही, आणि खुपलं तेव्हा नेमका मी खुर्चीत होतो.

बरं, तिला बोगस म्हणून पकडावं तर तीही सोय नाही. भावाच्या नावाची साखर तिनं कधी उचलली नव्हती. दुकानदारानंच मला सांगितलं, की ती दर महिन्याला आधी बजावते, आमाले दोघायचंच द्या. मला त्याचाच जास्त राग यायचा. फायदा नाही, तोटा नाही, नुसता माझ्या डोक्याला ताप.

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कचेरीच्या रांगेतल्या पोरीबाळींना ती सांगायची, की हा कंट्रोल लढाईतला हाय, तवापासून उठलाच नाई. मी आत बसून ऐकत असायचो. ती नऊ-दहा वर्षांची असताना घासलेट मिळेनासं झालं. कंदील जेवणापुरता लावायचे आणि उरलेली कामं अंधारातच आटपायची. साखर गेली, गुळाचा चहा आला, मग गूळही महागला. कापड कार्डावर मिळायचं. आईनं एका लुगड्याची दोन केली आणि दोन्ही आखूड पडली म्हणून बाहेर जायची वेगळी नेसण शोधून काढली. वडिलांच्या दुकानात तपासणी व्हायची, साठा केलाय का म्हणून. रिकाम्या बरण्यांत हात घालून बघायचे, असं सांगताना ती हसायची.

सिंदीच्या स्टेशनावरून शिपायांनी भरलेल्या गाड्या जायच्या आणि पोरं हात हलवायला धावायची. दुकानात विकायला काही नाही, त्यामुळे भावाला काम नाही. बाजाराच्या दिवशी भरती करणारे आले, त्यांनी छाती मोजली, एका कागदावर अंगठा घेतला आणि तो गेला. त्याची दोन पत्रं आली. मधल्या ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या होत्या, म्हणून घरच्यांना कळलं ते एवढंच की तो खुशाल आहे आणि पाऊस फार आहे. मग काही नाही. आई दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला पायी जायची. लढाई संपली तेव्हा शाळेत पेढे वाटले. तिनं ते घरी आणले, पण घरात कोणी खाल्ले नाहीत. आजूबाजूच्या गावांतली पोरं परत आली. हा आला नाही आणि त्याच्याबद्दलचा कागदही आला नाही.

कारगिलच्या उन्हाळ्यात तीन रंगांची नवी कार्डं काढायचा हुकूम आला आणि त्याच्याबरोबर खोटी नावं काढून टाकायचाही. मी तिला बोलावून समजावलं, की आता तुम्हीच कुटुंबप्रमुख व्हा. ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, सुटलो. मग ती म्हणाली, भावाचं नाव खाली दुसऱ्या नंबरवर घ्या.

मी म्हणालो, त्याचं नाव कमी करावं लागेल, मृत्यूचा दाखला आणा. ती म्हणाली, "तोच तं मी तुमाले मागून राह्यली."

त्यानंतर मी तिच्या वतीनं फौजेच्या दफ्तराला तीन पत्रं लिहिली, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. एकाला उत्तर आलं. नंबर, हुद्दा आणि पलटण कळवावी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आलेली दोन पत्रं आईनं भिंतीतल्या फडताळात जपून ठेवली होती, ती वाळवीनं खाल्ली. मी तिलाच रागावलो, की असे कागद कोणी फडताळात ठेवतं का? म्हणजे भाऊ हरवला सरकारनं आणि बोलणी खाल्ली तिनं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

एक दिवस ती चौथ्यांदा आली. रांग दारापर्यंत होती, उकाड्यानं जीव नको झाला होता. तिनं तळहात ठेवला, आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, की मावशी, तुमचा भाऊ मेला, त्याला पन्नास वर्षं झाली, आता तरी माना.

ती नाही रडली. म्हणाली, "मले काय समजत नाई बाबू? मेलाच असन तो. पन मी काऊन कमी करू? ज्यायनं कागद करून नेला, त्यायनं कागद करून द्यावा."

मग म्हणाली, की रोज टीव्हीवर कारगिलचं दाखवतात, पोरायचं नाव सांगतात, गाव सांगतात, पेटी घरापर्यंत आणतात. चांगलं करतात. ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं.

मी साहेबांकडे गेलो. साहेब कामाला चोख होते. म्हणाले, नाव कमी करायची कारणं किती? तीन. मयत, विवाह, स्थलांतर. मयत लिहिता येत नाही, दाखला नाही. विवाह लागू नाही. मग उरलं काय? स्थलांतर लिहा आणि मोकळे व्हा. मी लिहिलं आणि, खोटं कशाला सांगू, मोकळा झालोही.

नवं कार्ड आलं. जुन्यावर रद्दचा शिक्का मारून, कारण लिहून, दोन्ही मी तिच्यापुढे ठेवली. ती चौथी शिकलेली होती. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत तिनं जुन्या कार्डावरची ओळ पुरी केली.

"स्थलांतर म्हंजे दुसऱ्या गावी गेला?"

मी म्हणालो, ते नुसतं कागदापुरतं.

"मंग गाव लिवा," ती म्हणाली. "कोनतं बी असो. मी जाऊन येतो."

माझ्याकडे लिहायला गाव नव्हतं. तिनं जुनं कार्ड घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि नवं तिथंच टेबलावर सोडून निघून गेली. मी शिपायाबरोबर ते दोनदा तिच्या घरी पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. कंट्रोलच्या रांगेत ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. समोरच्या दुकानातून महागाची साखर घेते, असं दुकानदार सांगायचा. मी माझ्या परीनं अजून दोन पत्रं लिहिली. मग माझं टेबल बदललं आणि काही वर्षांनी पुन्हा तेच टेबल मिळालं.

तेव्हा एक दिवस तिचा मुलगा आला. त्याचेही केस पिकले होते. कचेरीत पडून राहिलेल्या त्या नव्या कार्डातून आईचं नाव कमी करायचं होतं. त्यानं पिशवीतून दाखला काढून दिला. नाव, तारीख, वेळ, मृत्यूचं ठिकाण राहतं घर, खाली गोल शिक्का. काल दुपारी अर्ज दिला आणि आज सकाळी हातात भेटला, असं तो कौतुकानं सांगत होता. मी कारणाच्या रकान्यात मयत लिहिलं आणि रेघ ओढली.

तो उठला नाही. जरा संकोचानं म्हणाला, "बाबूजी, माय सांगून गेली. मामाचा पन असाच घेजो म्हने. त्याचा अर्ज कुठी द्यायचा?"

कोणता कागद कोणत्या खिडकीवर मिळतो, हे लोकांना सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. मी त्याला म्हणालो, बसा जरा. तो बसला, आणि मी रांगेतल्या पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.