सुपडूभाऊंचं पडणं

नरडाण्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम लावत बसलो होतो. सुपडूभाऊंच्या कंपनीतला सोबती बोलत होता. “भाऊ, सुपडूभाऊ पडनात.” मी सहज विचारलं, “कोणाच्या पिक्चरमध्ये?” तो म्हणाला, “उठनात नहीत, भाऊ.” ड्यूटी संपवून गेटबाहेर पडताना त्यांचं हृदय थांबलं होतं. त्याला आता दीड महिना होत आला. माझ्या त्या प्रश्नाचा मला अजून राग येतो आणि हसूही येतं. पण या माणसाने माझ्या सिनेमांत इतक्या वेळा जीव सोडला होता, की ‘पडले’ म्हटल्यावर दुसरं काही माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

‘फौजी घर उना’, म्हणजे फौजी घरी आला, हे त्या सिनेमांचं नाव. तीन भाग झाले. खान्देशाबाहेर कोणी पाहिले नसतील, आणि पाहिले असतील तर कोणाला सांगितलं नसेल. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, मित्रांची शेतं आणि उधारीवरच्या मिशा, एवढंच माझं भांडवल. सुट्टीवर आलेला फौजी गावातल्या गुंडांना बडवतो, ही गोष्ट. तिन्ही भागांत तीच. आमच्याकडच्या लोकांनी मोबाइलवर पाहून ती डोक्यावर घेतली. फौजी दर भागात बदलला. एकाला नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न झालं आणि सासऱ्यांनी त्याचं नटणं बंद केलं. गुंड मात्र कायम सुपडूभाऊ. टोपी बदलून, मिशी लावून, मिशी काढून ते एकाच मारामारीत तीन तीनदा मरायचे.

ते मला सापडले शिंदखेड्याकडच्या एका वरातीत. नाचता नाचता हा माणूस ताठच्या ताठ मागे कोसळला. डीजे थांबला, नवरदेव घोड्यावरून उतरला, कोणी पाणी आणायला धावलं, आणि हे कपडे झटकत उठून म्हणाले, “चालू द्या.” नवरीच्या मामांनी त्यांना शिव्या घातल्या, मी त्यांचा नंबर घेतला. आधीची दोन मुलं गेल्यावर ते झाले, म्हणून आईने सुपात घालून सुपडू नाव ठेवलं, मरणाची नजर पडू नये म्हणून. आमचं शूटिंग रविवारचं. “अन् मी दर रविवारी मरस,” असं सांगून स्वतःच हसायचे. एकदा मी विचारलं, इतकं हुबेहूब मरता कसं? “मरनं सोपं शे, भाऊ. डोया मिटा, झायं. पडनं कठीण शे.”

धुळ्याला, देवपुरातल्या बाजारात पोरं त्यांना बोटाची बंदूक दाखवून ‘ठो’ करायची आणि हे हातात पिशवी असतानाही रस्त्यात आडवे व्हायचे. कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, टोमॅटो आपल्याच पिशवीत ठेवत.

माझ्या शेजाऱ्यांची श्वेता पुण्याच्या कंपनीसाठी घरी बसून गेम बनवते. तिने विचारलं, “काका, तुमच्या फौजीचा गेम करू?” मी हरखलो. पळापळ, उड्या, ढिशुम ढिशुम, असं काय काय मनात रंगवलं. तिने दाखवलं ते वेगळंच. शेतात चौकोन आखलेले; एका घरात फौजी, पलीकडे पाच गुंड. फौजी दोन घरं सरकला आणि थांबला. “अगं, हा थांबला का? हाण ना!” “आता समोरच्यांचा डाव आहे, काका. कोण कुठे उभा आहे ते बघायचं, विचार करायचा, मग मारायचं.” माझा फौजी विचार करतो हेच मला मान्य नव्हतं. तशी ती म्हणाली, “तुमच्या सिनेमात तरी काय होतं? एक गुंड मार खातो तोवर बाकीचे काठ्या धरून उभेच असतात.” मी रुसलो. सुपडूभाऊ त्या दिवशी माझ्याकडे आलेले, तिथेच बसले होते. ते म्हणाले, “पोर खरं सांगी ऱ्हायनी, भाऊ. मना नंबरनी वाट दखत मी कितला टाइम उभा ऱ्हायेल शे.”

मग एका हॉलमध्ये चारी बाजूंनी मोबाइल लावून श्वेताने त्यांचं पडणं टिपलं. तिने आणलेली गादी त्यांनी पायाने बाजूला सारली. गादीवर पडलेला माणूस गादीवर पडल्यासारखाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. काठीचं पडणं, बुक्कीचं पडणं, नुसत्या धक्क्याचं पडणं... तेच गेममधल्या प्रत्येक गुंडाला मिळालं.

गेम तयार झाला आणि सुपडूभाऊ गेले. आता कोणीही तो उघडणार आणि त्यांना दिवसभर मारत बसणार. मला ते बघवेना. श्वेता म्हणाली, “दुसऱ्या कोणाचं पडणं घालू का?” ते तर मला त्याहून नको वाटलं. त्यांचं असं जगात तेवढंच तर उरलं होतं. शेवटी वहिनींनाच विचारायचं ठरवलं आणि गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर आम्ही दोघं धुळ्याला गेलो.

वहिनींनी टॅब हातात घेतला. पाचही गुंड आपापल्या घरात उभे होते. बघता बघता त्या म्हणाल्या, “ह्या तं त्याच शेतस.” तेच, म्हणजे सुपडूभाऊ. त्यांचा डाव येईपर्यंत गुंड जिवंत दिसावेत म्हणून श्वेताने त्यांचं नुसतं उभं राहणंही टिपलं होतं, हे मला तेव्हा कळलं. या पायावरचा भार त्या पायावर, रुमालाने मान पुसणं, मध्येच दाराकडे बघणं. माझ्या तिन्ही भागांत हे कुठेच नाही. माझा कॅमेरा कायम मारणाऱ्यावर.

“आते कोना डाव शे?”

“तुमचा, काकू. इथे बोट ठेवलं की फौजी मारेल.”

“मी नही खेळनी तं?”

“मग ते थांबतील.”

“कितला टाइम?”

“तुम्ही खेळेपर्यंत... कितीही.”

वहिनींनी बोट मागे घेतलं. टॅब पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसून मेथी निवडू लागल्या. मी चाचरत आमचा प्रश्न विचारला. वर न बघता त्या म्हणाल्या, “लोकेस्ना हातथीन पडू द्या, भाऊ. पोऱ्हे मारतीन, त्या पडतीन. त्यास्ले आवडे ते.” मग समोरच्या टॅबकडे बोट करून म्हणाल्या, “हाऊ आठला मातर आठेच ऱ्हाऊ द्या.”

गेम आता लोकांच्या फोनवर गेला आहे. मीही एकदा सुपडूभाऊंना पाडलं. फार सुंदर पडले. मी रडलो, सांगायला लाज कसली. श्वेताने तो टॅब धुळ्यालाच ठेवला आहे. परवा मी फोन केला आणि सहज विचारलं, “काय चाललंय, वहिनी?”

“काही नही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मना डाव शे अजून.”