बाभळीवरचा कापूस अन् आत्याबाईची एकदाणी

हसाल तर हसा बायांनो, पण आधी ऐकून तरी घ्या! माही अशी फजिती झाली होती का, आजही त्या नाल्यावरून जाताना मी पदर तोंडावर ओढून घेते. अन् कशापायी झाली? माह्याच पोटदुखीपायी. ओवा खाल्ला का जाते, ती पोटदुखी नाही. जावेले कोणी बरं म्हटलं का उठते, ती!

कापसाले सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. समुद्रापल्याड कोण्या मुलखात म्हणे लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् इकडं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाले व्यापारी हात जोडू लागले. लोकांचं डोकंच फिरलं बाप्पा! कोणी बैलाच्या शिंगाले चांदी मढवते, कोणी गाडीच्या चाकाले चांदीची पट्टी ठोकते. आमच्या शेजारच्या एकानं तर अमरावतीहून रेशमी छत्री आणली. अन् ती उन्हानं विटू नये म्हणून तिच्यावर जुनं धोतर पांघरून फिरे!

अन् आमच्या घरी काय होतं? आमच्या घरी आत्याबाई होती. म्हणजे माही सासू.

दिवा लावला का आत्याबाई त्या वातीकडे अशी पाहे, जसं तिचंच बोट जळून राहिलं. चूल पेटवाले घरची चकमक झिजवायची नाही, शेजारून विस्तव आणायचा. अन् शेजारीण आमच्याकडं मागाले आली तर? तर आत्याबाई चुलीपुढं पाय पसरून बसे अन् म्हणे, "आमची तर आताच विझली वो माय!"

अशा बाईनं त्या साली सोनाराकडून एकदाणी करून घेतली! टपोऱ्या सोन्याच्या मण्यांची, गळ्यात घातली का नजर हटू नये अशी. आमा दोघी सुनांले ओसरीवर बसवलं, एकदाणी डोळ्यापुढं लोंबकळवली अन् म्हणे, "एकच केली. दोन कराले मी काय खुळी हाव? जिचा हात राखून चालंल, तिच्या गळ्यात घालीन."

झालं! सोनं एक अन् गळे दोन.

दुसरा गळा माह्या धाकट्या जावेचा, द्वारकेचा. दिसाले अशी गरीब का गायही तिच्यापुढं द्वाड वाटावी. पण बचतीत? सासूचीही सासू! अख्खी मिरची चिंधीत बांधे, वरणात बुचकळे, काढे अन् खुंटीले वाळत टाके. एक मिरची पंधरवडाभर चालवे! आत्याबाई येताजाता त्या खुंटीकडं अशी पाहे, जसा तिथं देवच टांगला हाय.

माह्या अंगाचा तिळपापड! म्हटलं, ती बुचकळते काय? मी बुचकळणारही नाही! ना मिरची, ना मीठ, नुसतं पिवळं पाणी वाढलं. आमच्या धन्यानं घास घेतला, माह्याकडं पाह्यलं अन् हळूच विचारलं, "सुतक हाय काय घरात?"

द्वारका पदराआड हसली. मले दिसलं ना ते!

मंग एक दिवस सकाळी द्वारका बाहेरून आली ते ओटी भरूनच. ओटीत काय? कापूस! पांढराशुभ्र.

"कोणाच्या वावरातला वो?" आत्याबाईनं दटावून विचारलं.

"वावरातला नाही आत्याबाई. बाभळीवरचा. अंजनगावच्या गाड्या अमरावतीच्या बाजाराले जाते ना, त्याइचा कापूस काट्याले अटकते. वाऱ्यानं उडून जाण्यापरीस म्हटलं, आणावा. देवाच्या वातीले होईल."

आत्याबाईनं तिच्यावरून बोटं मोडली! "याले म्हणते लक्ष्मी! अन् एक आमची थोरली पाहा. त्याच रस्त्यानं पाण्याले जाते, पण डोळे कुठं ठेवते कोण जाणे!"

सांगा, कसं वाटलं असंल मले? भाकर गोड लागेना. द्वारका वाती वळाले बसली का मले वाटे, ती माहं नशीबच वळून राहिली. अन् तिचा गळा! त्याच्या आधी कधी मी तिच्या गळ्याकडं पाह्यलं नव्हतं. आता जिकडंतिकडं मले तिचा गळाच दिसे. लांब, निमुळता, एकदाणीसाठीच केल्यासारखा मेला!

दुसऱ्या दिवशी मी फटफटताच रस्त्यावर गेली. पाहते तं काय, द्वारका माह्याही आधी येऊन गेलेली. बाभळी अशा साफ, जशा न्हाव्यानं भादरल्या! तिसऱ्या दिवशी तेच. मी पुढं पुढं चालत गेली तं हाती काय लागलं? चिमूटभर कापूस अन् पायात काटा.

मंग मात्र माही अक्कल चालली. चालाले नको होती, पण चालली.

गावापासून थोडं दूर नाला हाय. तिथं रस्ता उताराचा अन् अरुंद, दोहीकडं बाभळी. मी म्हटलं, गाड्या बाभळीले घासाची वाट काहून पाहायची? बाभळीच गाडीकडं नेली तं? सरपणाच्या निमित्तानं गेली, दोन्हीकडच्या फांद्या रस्त्यावर ओढल्या अन् दोरीनं खालच्या झुडपाले करकचून बांधल्या. आता कोणतीही गाडी येवो, कापूस दिल्याशिवाय पुढं जाणार नाही!

तुमी म्हणाल, कोणाचं नुकसान झालं तं? होईल ना! पण दुसऱ्याचं होईल. आमच्या गाडीचा आस मोडला होता, गाडी सुताराकडं पडली होती. आपलं काय जाते?

सकाळी अंधुक असतानाच मी मागच्या दारानं निसटली. म्हटलं, द्वारकेले चाहूल लागाले नको. नाल्यावर जाऊन झुडपामागं दबा धरून बसली.

पहिली गाडी आली. खरखर, खरखर! मूठभर कापूस. दुसरी आली, ओंजळभर. मले असं हसू येऊन राहिलं का पदर तोंडात कोंबावा लागला.

अन् मंग आली तिसरी! अनोळखी बैल, धिप्पाड. बाजूच्या बांबूच्या तट्ट्यांच्या वर कापसाचा ढीग अन् त्याच्यावर चादर बांधलेली. गाडीवान अन् त्याच्या बाजूचा एक माणूस, दोघंही घोंगड्या डोक्यावरून घेऊन पेंगून राहिले. गाडी उताराले लागली, काटा चादरीत घुसला अन् चर्रर्र! चादर फाटली, एक तट्टी उकलली. काटा टोचल्यानं बैल उधळले, गाडी धडधडत नाला ओलांडून गेली अन् मागं कापूस असा सांडत गेला, जसं मेंढरांचं खांडच फुटलं! ते दोघं बैल आवराच्या नादात. मागं पाहते कोण?

खोटं काहून सांगू, एक वेळ वाटलं, हाक मारावी. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात डोळ्यापुढं द्वारकेचा गळा आला. त्याच्यात एकदाणी! तोंड आपोआप मिटलं.

पदर भरला, ओटी भरली. अंगावरची घोंगडी पसरली, तीही भरली. नाल्याच्या चिखलातला उचलला, काट्यातला उचलला. हात रक्ताळले, पण थांबते कोण? गाठोडं एवढं झालं का आमच्या दारातून आत जाईना. आत्याबाईनं आतून ओढलं, मी बाहेरून लोटलं!

"एवढा?" आत्याबाईचे डोळे बाहेर आले. "एकाच सकाळी? कसा वो माय?"

आता इथं तरी माणसानं गप्प बसावं का नाही? पण द्वारका दारात उभी होती ना! त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, म्हणून सकाळपासून गोधडीत पडून होती. आवाज ऐकून उठून आली. तिले ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "वाऱ्याच्या भरवशावर बसत नाही मी! नाल्यावरच्या बाभळी मीच वाकवल्या, मीच बांधल्या. याले डोकं लागते. दुखणारं नाही, चालणारं!"

आत्याबाईनं तिथल्या तिथं एकदाणी काढली अन् माह्या गळ्यात घातली. वर हातावर गुळाचा खडा ठेवला. अख्खा! चाटून परत दे, असंही म्हणली नाही.

द्वारकेचं तोंड एवढंसं झालं. काय सांगू बायांनो, गुळापरीस गोड लागलं ते तोंड मले!

दिवसभर मी आळीत मिरवली. ज्या घरी कधी गेली नाही, त्या घरी ताक मागाले गेली. प्रत्येकीले बाभळीची गोष्ट सांगितली. दिवेलागणीपर्यंत आमच्या ओसरीवर पाचसहा बाया जमल्या, गाठोडं पाहाले अन् एकदाणी पाहाले.

तेवढ्यात दारापुढं गाडी थांबली. धिप्पाड बैल. वर फाटकी चादर.

गाडीवान उतरला, गावातलाच रहमानभाई. अन् त्याच्या मागून उतरले आमचे धनी!

"माय, लुटलो वो आपण!" धनी ओसरीवर मटकन बसले.

"तू कुठं गेला होता रे?" आत्याबाईनं विचारलं. "मले वाटलं, सुताराकडं बसला असशील."

"गाडी काही लवकर होत नव्हती. भाव उतरला तं काय करता? म्हणून पहाटेच रहमानभाईची गाडी अन् नवी बैलजोडी भाड्यानं सांगितली अन् वावरातल्या कोठ्यातला कापूस भरला. बाजारात पोचलो तं गाडी अर्धी! व्यापारी आत डोकावून मले म्हणे, 'पाटील, कापूस विकाले आणला का गाडी धुवाले?'"

"मेरी क्या गलती, अम्मा?" रहमानभाई कळवळून म्हणे. "नाले पे कोई शैतान ने बाभळां बांध के रखे थे! बैल के पुठ्ठे में ये इत्ता काटा घुसा! चादर नवी थी मेरी!"

"फक्त तो सापडू दे," धनी दात खाऊन म्हणे. "त्याले त्याच बाभळीले बांधतो!"

 ओसरीवरच्या सगळ्या बायांच्या माना हळूहळू माह्याकडं वळल्या. आत्याबाईची वळली. बांधलेली गायही, मले तं वाटलं, रवंथ थांबवून माह्याकडंच पाहून राहिली.

"काहून? सगळे हिच्याकडं काहून पाहून राहिले?" धन्याले काही समजेना.

रहमानभाईची नजर गाठोड्यावर गेली. त्यानं चिमूटभर कापूस चोळून पाह्यला. "अरे! ये तो वोच माल है!"

"तू होती तिथं?" धनी उठून उभे झाले. "तुले मी दिसलो नाही?"

"तुमी घोंगडी घेतली होती ना डोक्यावरून!" मी रडकुंडीले येऊन म्हटलं.

"मंग हाक काहून नाही मारली?"

आता काय, जावेचा गळा आडवा आला, असं सांगू?

गाठोडं सोडून पाह्यलं तं अर्धा चिखल अन् अर्धे काटे. तो कापूस कोणी फुकटही नेला नसता. वरून रहमानभाईची चादर भरून द्यावी लागली ते वेगळंच.  आत्याबाईनं नुसता हात पुढं केला. मी एकदाणी काढून त्या हातावर ठेवली.

"आता सांगा," आत्याबाई सगळ्या बायांले म्हणे, "आज या घरात सगळ्यात जास्त बचत कोणी केली?"

अन् तिनंच द्वारकेकडं बोट केलं.

"या धाकटीनं! दिवसभर गोधडीत पडून होती. ना जेवली, ना दिवा जाळला, ना कोणाची गाडी सांडली!"

अन् घातली ना द्वारकेच्या गळ्यात! तो गळा तं काय, तयारच होता.

तुमाले वाटंल, एवढ्यावर मी शहाणी झाली असंल. कुठली वो! दुसऱ्या दिवशी मले वाटलं, झोपून जर सोनं भेटते, तं मीही झोपून दाखवते. उन्हं वर आली तरी गोधडी तोंडावरून घेऊन पडली. आत्याबाईनं दोन हाका मारल्या. मी हललीही नाही. म्हटलं, पाहू दे, कशी बचत करून राहिली मी!

तिनं गोधडी ओढली अन् भरलं घंगाळ माह्या तोंडावर रिकामं केलं. पाहते तं पाण्यात राख, वरणाचे थेंब अन् भाताची शितं! भांडी घासल्याचं पाणी होतं ते.

मी थुंकत थुंकत उठून बसली. आत्याबाई शांतपणे म्हणे, "तुह्यासाठी चांगलं पाणी कशाले वाया घालवू?"