उद्यापन राहिलेला नेम

राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली. दादाची कचेरी गेली, कचेरीबरोबर दादा गेला, दादाबरोबर काकू गेली. काका त्यांना पोचवायला स्टेशनावर आले, गाडी सुटेपर्यंत उभे राहिले आणि माझ्याबरोबर खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या घरी परत आले.

दादा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी पुतणी, माझे वडील गेल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेली. काकांनी सगळ्यांबरोबर जायला काहीच हरकत नव्हती, फक्त त्यांचा एक नेम होता. स्टेशनाचे रूळ ओलांडायचे नाहीत. रुळांच्या अलीकडे लष्कर, म्हणजे ग्वाल्हेर शहराचा आमचा भाग, पलीकडे मुरार आणि बाकीचं जग.

संस्थान विलीन झालं तेव्हा काका धर्मादाय खात्यात कारकून होते. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे आले ते देवाधर्माच्या कामासाठीच. विलीनीकरणाच्या दिवशी काकांनी गोरखीतल्या, जुन्या राजवाड्यातल्या देवापुढे हातावर पाणी सोडलं आणि हे क्षेत्र सोडणार नाही म्हणून संकल्प केला. म्हातारी माणसं काशीला जाऊन क्षेत्रसंन्यास घेतात, मग मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडत नाहीत. काकांनी तो लष्करात घेतला, तोही चाळिशीत. सगळंच जात होतं, कोणीतरी थांबायला हवं, असं त्यांना वाटलं असावं.

काकू म्हणाली होती, "काशीत गंगा तरी आहे. इथं काय, स्वर्णरेखेचा नाला?"

नेम हा काकांचा स्वभावच होता. भूक लागली की आधी घोटभर पाणी प्यायचे आणि स्वतःला विचारायचे, "कोण मागतंय? पोट की जीभ?" जीभ मागत असेल तर उठून जायचे. रोज सकाळी बाजारातून देवळात जाताना हलवाई कढईतून बेडई, डाळ भरलेली पुरी, काढत असायचा. तो झारा वर धरून विचारायचा, "पंडितजी, आज भी नहीं?" काका हसून म्हणायचे, "आज भी नहीं." दोघांचा तो नमस्कारच होता. एकदा मी विचारलं, रोज मोह होतो तर दुसऱ्या गल्लीनं का जात नाही? म्हणाले, "मोह नसलेल्या गल्लीतून कोणीही जाईल."

संयमाबद्दल बोलताना ते टांग्याच्या घोड्याचं उदाहरण द्यायचे. "झापडं आहेत म्हणून घोडा सरळ चालतो. सगळे धर्म एवढंच सांगतात. नजर आवरा, वाट आपोआप कापली जाते." एकदा हे चाललं असताना काकू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संध्याकाळी काढतात हो ती झापडं. घोडा दाणा खातो तेव्हा."

भोपाळला निघताना काकूनं काकांची वळकटी बांधली. गादी, रजई, दोन चादरी. सुंभाची गाठ मारून ती कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाली, "सोडू नका. याल तेव्हा अशीच घेऊन या." काकांनी ती सोडली नाही. नेलीही नाही. चटईवर घोंगडी घेऊन झोपायचे. ग्वाल्हेरची थंडी हाडांत शिरते. मी दर हिवाळ्यात म्हणायची, रजई तरी काढू या. "नको. तिनं बांधलीय."

मी शाळेत शिकवायला लागले. दादानं भोपाळच्या शाळेत माझ्यासाठी विचारून ठेवलं होतं. काकांनी मला थांब असं कधी म्हटलं नाही, पण त्यांची पोळी कोण करणार हा प्रश्न रोज संध्याकाळी चुलीपाशी बसलेला असायचा. एकाच्या नेमात घरातली बाकीची माणसंही राहतात. त्याचं भाडं परवडतं का, हे त्यांना कोणी विचारत नाही.

हळूहळू लोक काकांच्या पाया पडायला लागले. कोणाकडे पाहुणे आले की त्यांना काका दाखवायला आणायचे, किल्ला दाखवतात तसे. ते गेले की काका थकलेले दिसायचे. एकदा म्हणाले, "सुमे, हा नेम आता माझा राहिला नाही. गल्लीचा झाला."

मग काकू आजारी पडली. दादा काकांना न्यायला आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"बाबा, चला ना. आई बोलत काही नाही. बस, दरवाज्याकडे बघते."

काका उठले आणि आपल्या गुरुजींकडे गेले. मी बरोबर होते. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संकल्प करताना अवधी किती सांगितला होतास?"

"अवधी सांगितला नाही."

"का?"

"राज्य गेलं होतं, गुरुजी. अवधी कसला सांगायचा?"

गुरुजी म्हणाले, "सोळा सोमवारांनासुद्धा उद्यापन असतं, बाळ. धर्मात बांधण्याचा विधी आहे तसा सोडण्याचाही आहे. तू अर्धाच केलास. आज जा. परत आल्यावर ब्राह्मण-सवाष्ण जेवू घाल, म्हणजे उद्यापन झालं."

घरी येऊन काकांनी वळकटी उचलली. मला वाटलं, सुटलो आपण.

स्टेशनावर गाडी आली. दादा चढला, सामानासाठी हात पुढे केला. काकांनी डब्याचा दांडा धरला. पाय पायरीपर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. दादा म्हणाला, "बाबा, चढा. गाडी सुटतेय." शिट्टी झाली. गाडी हलली तसा दांडा काकांच्या हातातून आपोआप निघून गेला. दादा दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. वळकटी फलाटावर होती.

टांग्यात काका म्हणाले, "नेम आड आला नाही गं. तो मी गुरुजींच्या ओसरीवरच सोडला होता. पाय वर जाईना." मग फूलबाग मागे पडल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी ज्याला संयम म्हणत होतो, त्यात भीती किती होती, कोण जाणे."

थोड्याच दिवसांनी दादा काकूला घेऊन आला. स्टेशनावरून तिला खुर्चीत बसवून आणावं लागलं. काका दारात उभे होते. ती म्हणाली, "तुम्ही नेम केलात आणि प्रवास मला घडवलात." रागावली नव्हती. तिला धाप लागली होती.

खोलीत आल्यावर तिची नजर कोपऱ्यात परत ठेवलेल्या वळकटीकडे गेली.

"अजून सोडली नाहीत?"

"नाही."

"सोडा आता. मला थंडी वाजतेय."

गाठ जुनी झाली होती. मी सुरी आणायला निघाले तर काका नको म्हणाले. त्यांनी नखांनी, दातांनी गाठ सोडवली आणि रजई तिच्या अंगावर घातली. रजईला सुंभाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंघोळ केली, सोवळं नेसले, मऊ भात स्वतः शिजवला. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दक्षिणा ठेवली आणि चमच्यानं भात भरवायला लागले. तिनं थोडासा खाल्ला.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"उद्यापन. सवाष्ण जेवू घालायची असते."

"पोट मागतंय की जीभ, ते नाही विचारलंत?"

काका रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

काकू त्याच आठवड्यात गेली. काका त्यानंतर मोकळे होते. दादानं पुष्कळदा बोलावलं, पण ते कुठे गेले नाहीत. जायचं ठिकाण उरलं नव्हतं. हलवाई विचारायचा, "पंडितजी, आज भी नहीं?" आणि काका न हसता मान हलवायचे.

आता काकाही नाहीत. मी लष्करातच आहे. भूक लागली की मी आधी घोटभर पाणी पिते. रजई मी दर हिवाळ्यात अंगावर घेते, आणि उन्हाळ्यात घडी करून ठेवते. बांधत नाही.