पाण्याआधीचे सहा आठवडे

“आपली बुद्धी दाराबाहेर ठेवून यावी, आत जागा कमी आहे.” प्रयोगशाळेत शिरणाऱ्या प्रत्येकाला आमचे लॅब असिस्टंट काका असं सुनावायचे. पुढे लिहिण्याआधी माफी मागतो. त्यांच्याविषयी लिहिण्याचा हक्क सगळ्यांत कमी मला आहे. शिवाय घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवयही नाही.

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा सगळा ओढा संगणकाकडे होता. वनस्पतिशास्त्राला आम्ही नऊ जण. “अजून सहा कमी झालात की एका रिक्षात मावाल,” काका म्हणत.

ते कसबा पेठेतून सायकलवर येत. अकरा वर्षं हंगामी होते. त्या वर्षी तपासणी समिती येणार होती. प्राचार्य त्यांना म्हणाले होते, दारातच पाणवनस्पतींची सुरेख टाकी दिसू द्या, तुमचं नाव कायम करायला पाठवतो.

काकांनी दीड फुटाची काचेची टाकी घेतली. उतरती माती पसरली, ती ओली केली आणि चिमट्याने गवतासारख्या रोपांचे बारीक पुंजके एकेक करून लावले. वर प्लास्टिक ताणून बसवलं. पाणी घातलंच नाही.

मी वाशीमकडचा, पाणीटंचाईच्या भागातला. मला राहवेना. “काका, पाण्यातली झाडं ना ही? पाण्याशिवाय मरतील.”

“आपण तिकडून सल्ला द्यायला आलात की शिकायला?”

“पण पाणी कधी?”

“सहा आठवड्यांनी. का, ते विचारू नका. सांगितलं तर आपण विचार करायला लागाल.”

दिवाळीत मी गावी गेलो नाही. काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. “दिवसातून दोनदा फवारा मारायचा. बाकी हात लावायचा नाही.” आठ मुलांना सोडून त्यांनी मला निवडलं, याचा मला केवढा अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरी बुरशी दिसली. झाडं मरताहेत, काकांची नोकरी जाणार, एवढंच मला समजलं. मी प्लास्टिक काढलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं.

मुळांनी अजून माती धरलेली नव्हती. सगळी रोपं उपटून वर आली आणि गढूळ पाण्यावर तरंगायला लागली.

सुट्टी संपून काका आले. टाकी पाहिली. मग चहाच्या गाळणीने रोपं गोळा करू लागले. “बुरशी दोन दिवस हवा दिली की जाते,” मान वर न करता म्हणाले, “पण आपल्याला कोण सांगणार? आपण जलदाते.” पुढे वर्गासमोर त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारलीच नाही. सगळे हसत. मला ते रास्त वाटे.

त्यांनी रोपं पाण्यातच पुन्हा लावली. ती सडली. समिती आली तेव्हा टाकीत हिरवं पाणी होतं आणि त्याला वास येत होता.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. काका सरळ म्हणाले, “पाणी या मुलाने घातलं, सर.”

“मुलांवर ढकलू नका हो,” प्राचार्य म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “काय रे?”

माझी फीमाफी त्यांच्या सहीवर होती. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. काकांनीही पुन्हा सांगितलं नाही. जूनमध्ये त्यांना नेमणुकीचं नवं पत्र मिळालं नाही.

वाचकहो, त्यांची जीभ आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे, एखाद्या दुकानात किंवा कचेरीत, ऐकली असेल. मला मात्र प्राचार्यांसमोरचं त्यांचं ते एकच वाक्य आठवतं, ज्यात टोमणा नव्हता.

पुढे मी हिंजवडीत नोकरीला लागलो. आमच्यातला एक जण त्याच कॉलेजात शिकवतो. परवा त्याच्याकडून कळलं की कोर्टाचा निकाल लागला आणि तेव्हाचे हंगामी कर्मचारी कायम झाले. मधल्या काळात ज्यांची नोकरी सुटली नव्हती, तेवढेच. यादी लागली त्या दिवशी काका आले होते. चष्मा पुसून त्यांनी फलकावरचा कागद दोनदा वाचला आणि शिपायाला विचारलं, “अहो, याला दुसरं पान असेल ना?”

शिपाई म्हणाला, “एकच पान आहे, काका.”